रिपोर्ट सुंदर, पोटऱ्या बारीक : वडोदऱ्याच्या डायलिसिस युनिटमधल्या प्रकल्प नोंदी

१६ जून २०२५, सोमवार

ट्रस्टच्या मीटिंगमध्ये माझ्या, म्हणजे युनिटच्या आहारतज्ज्ञाच्या, प्रकल्पाला होकार मिळाला. पैसे नाही मिळाले, पण होकार तरी मिळाला. युनिटमध्ये हेमोडायलिसिसला येणाऱ्या साठीपुढच्या सगळ्यांचं खाणं आणि स्नायूंची ताकद दिवाळी होईपर्यंत नोंदत राहायची, असं ठरलं. पोटॅशियम, फॉस्फरस, हिमोग्लोबिन आपण दर महिन्याला बघतोच. माणूस खुर्चीतून उठताना हात टेकतो का, हे मात्र एकाही फायलीत लिहिलेलं सापडलं नाही.

साधनं म्हणजे ओळखीच्या फिजिओथेरपिस्टकडून आणलेलं डायनॅमोमीटर (मूठ आवळली की पकड किलोत दाखवतं), शिंप्याची टेप, बिनहाताची एक टणक खुर्ची आणि मोबाइलमधलं स्टॉपवॉच. निकष आशियाई तज्ज्ञगटाचे २०१९ चे घेतले आहेत. पकड पुरुषांची २८ किलोच्या आणि बायकांची १८ किलोच्या खाली गेली तर ताकद कमी. हात छातीशी घेऊन खुर्चीतून पाच वेळा उठबस करायला १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर हालचाल मंदावली. पोटरीचा घेर पुरुषांत ३४ आणि बायकांत ३३ सेंटिमीटरच्या खाली असला की स्नायू झडल्याचा संशय धरायचा. युरोपचे आकडे थोडे वेगळे आहेत; आपल्या अंगकाठीला हे जवळचे.

सिस्टरांना दोन सूचना लिहून दिल्या. पकड फिस्टुला (डायलिसिसच्या सुयांसाठी शस्त्रक्रियेने जोडलेली रक्तवाहिनी) नसलेल्या हाताची, आणि सुया लावायच्या आधी घ्यायची. पोटरी मात्र डायलिसिस उरकल्यावर मोजायची, नाहीतर टेप स्नायूऐवजी पायातलं पाणी मोजून येते.

१९ जून, गुरुवार

पहिली मापं. दांडियाबाजारच्या आजी, वय ७१, वजन ४४ किलो, पकड ११. हात न टेकता एकदाही उठता आलं नाही. त्याचं त्यांना काही वाटलंही नाही. "अगं, घरी मी पलंगावर दोन गाद्या घातल्यात, उंच झालं की आपोआप उठता येतं." गेल्या वर्षी एकच गादी होती म्हणे. आमच्या सगळ्या चाचण्यांपेक्षा ही माहिती मोलाची. फायलीत लिहून ठेवली.

मुलगा पेढे घेऊन आला होता. क्रिएटिनिन ७.८ वरून ५.१ वर आलं म्हणून. "ताई, किडनी परत सुरू होतेय का हो?"

आजींना लघवी जवळजवळ होत नाही, दोन वर्षं झाली. मशीनवरचे तास तेवढेच, फिल्टर तोच, केटी बाय व्ही (डायलिसिस पुरेसं होतंय का ते सांगणारा आकडा) १.२ च्या वर, पूर्वीसारखाच. म्हणजे क्रिएटिनिन बाहेर जाण्याची वाट काही रुंद झालेली नाही. ते तयारच कमी होतंय. आणि ते तयार होतं स्नायूंतून. डायलिसिसच्या रुग्णाचं क्रिएटिनिन असं घसरत गेलं तर बहुतेक वेळा अंगावरचं मांस उतरत असतं. ज्यांचं क्रिएटिनिन डायलिसिसआधी बऱ्यापैकी चढं असतं ते जास्त जगतात, हे मोठमोठ्या पाहण्यांतून पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. फॉस्फरस २.६, युरियाही खाली. घरच्यांना वाटतं पथ्य उत्तम चाललंय. चाललंय खरं, पण ते उपाशी राहण्याचं. अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं मुख्य प्रथिन, ३.१ पर्यंत उतरलं होतं, तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

मुलाला हे सगळं एकदम सांगितलं नाही. पेढा घेतला, आणि बुधवारी आजींचा पथ्याचा कागद घेऊन या म्हटलं.

२५ जून, बुधवार

कागद आला. लॅमिनेशन केलेला, देवघराच्या कपाटात जपून ठेवलेला. वरची तारीख डायलिसिस सुरू व्हायच्या दोन वर्षं आधीची. डाळ बंद, कडधान्य बंद, पनीर बंद, अंडं बंद, दूध-दही अर्धी वाटी.

लिहिणाऱ्याची चूक नाही. त्या वेळी ते बरोबरच होतं. किडनी अधू असते पण मशीन लागलेलं नसतं, तेव्हा प्रथिनं कमी घेतली की युरिया कमी साठतो, मळमळ कमी होते. इटलीत १९६३-६४ मध्ये जिओर्दानो आणि जिओवानेत्ती यांनी हे आहार मांडले, तेव्हा बहुतेकांच्या नशिबी मशीन नव्हतंच. पथ्य हाच उपचार. आजही डायलिसिसआधीच्या टप्प्यात मधुमेह नसेल तर किलोमागे ०.५५ ते ०.६ ग्रॅम प्रथिनं सांगतात, मधुमेह असेल तर जरा जास्त. पण मशीन लागलं की हिशेब उलटतो. अमेरिकेच्या २०२० च्या मार्गदर्शनात डायलिसिसवरच्या माणसाला किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं आणि २५ ते ३५ कॅलरी सांगितल्या आहेत. म्हणजे जवळजवळ दुप्पट. कारण दर खेपेला ६ ते १२ ग्रॅम अमिनो आम्लं फिल्टरमधून वाहून जातात, शिवाय चार तास रक्त फिरवण्याने शरीर स्वतःचेच स्नायू मोडायला घेतं ते वेगळं.

पहिली सुई लागली त्याच दिवशी हा कागद रद्द व्हायला हवा होता. तो रद्द झालाय हे आजींना कुणी सांगितलं नाही. मशीन टेक्निशियनकडे, औषध डॉक्टरकडे, रिपोर्ट लॅबकडे, आणि कागद देवघरात.

आजींचा कालचा दिवस, त्यांच्याच तोंडून: सकाळी अर्धा कप चहा, दोन टोस्ट. दहाला दोन फुलके, दुधीची भाजी. दुपारी काही नाही, "भूकच नसते". चारला पुन्हा अर्धा कप चहा. रात्री मऊ भात आणि वरणाचं वरचं पाणी. डाळ बंद ना, म्हणून डाळ खाली बसू द्यायची आणि वरचं पाणी भातावर घ्यायचं. उरलेली डाळ सुनेच्या पानात.

मी थांबले इथे. शिजताना डाळीतलं बरंचसं पोटॅशियम पाण्यात उतरतं, प्रथिनं डाळीतच राहतात. म्हणजे नको ते आजींच्या भातावर आणि हवं ते सुनेच्या ताटात. इतक्या मनापासून पाळलेलं पथ्य, आणि नेमकं उलट्या बाजूने.

एकूण प्रथिनं वीस ग्रॅमच्या आतच. हवीत ४४ ते ५३.

१ जुलै, मंगळवार

चित्रकला शिकवणारे निवृत्त मास्तर, ६८. यांचं ड्राय वेट, म्हणजे साठलेलं जादा पाणी काढल्यावर उरायला हवं ते वजन, वर्षभर ५४. डायलिसिस संपल्यावर काट्यावर ५४ भरलं की सगळे खूश. पण हल्ली रात्री आडवं झालं की दम लागतो, संध्याकाळी मोजे उतरवले की पायावर वळ. रक्तदाब चढा. मी पँट बघितली. पट्ट्याला खिळ्याने पाडलेली दोन नवी भोकं.

मांस गेलं, त्या जागी पाणी आलं, काटा तोच राहिला. काट्याला काय, किलो म्हणजे किलो. डॉक्टरांना पट्टा दाखवला, पोटरी ३१ ची नोंद दाखवली. त्यांनी ड्राय वेट टप्प्याटप्प्याने खाली घ्यायला सांगितलं, दर खेपेला थोडं थोडं, पायात गोळे येत नाहीत आणि रक्तदाब कोसळत नाही ना ते बघत.

मास्तरांनी विचारलं, "म्हणजे मी बारीक होतोय हे तुम्हाला पट्ट्यावरून कळलं?" हो, तुमच्या पट्ट्यावरून. आता सिस्टर सगळ्यांनाच कपडे सैल झाले का विचारतात. या कामाला काट्याइतकंच उपयोगी.

७ जुलै, सोमवार

काल आषाढी. आज दोघांचं पोटॅशियम वर. बटाटा, रताळं, राजगिऱ्याची चिक्की, आणि एकांनी नारळपाणी, "उपासाला चालतं ना". चालतं उपासाला, हृदयाला नाही. शिवाय एका घरात डबाभर कमी सोडियमचं मीठ सापडलं. सोडियम कमी करून त्यात पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. किडनीवाल्या घरात ते ठेवायचंच नाही. सैंधवाबद्दल रोज विचारणा होते. तेही मीठच, नावाने सात्त्विक. कमरख (स्टारफ्रूट) तर कुणीच खायचं नाही, थोडंही नाही. त्यातलं विष किडनी बाहेर टाकू शकली नाही की थेट मेंदूवर येतं, उचकीपासून झटक्यांपर्यंत.

आजींशी चातुर्मासावरून वाटाघाटी झाल्या. सोमवार त्या सोडणार नाहीत. ठीक आहे, सोमवारी पनीर आणि दही. दही मात्र दिवसाला ठरवून दिलेल्या पाण्यात मोजायचं.

१८ जुलै, शुक्रवार

आजींच्या सूनबाईंबरोबर स्वयंपाकघराचा हिशेब बसवला. डाळ दोनदा धुऊन, तासभर भिजवून, ते पाणी टाकायचं. नव्या पाण्यात शिजवायची, वर आलेलं पाणी ओतून द्यायचं आणि खालची घट्ट डाळ घोटून फोडणी. तीस ग्रॅम तूरडाळीची एक वाटी म्हणजे सहा ग्रॅमच्या वर प्रथिनं. पनीर पन्नास ग्रॅम, नऊ. दही एक लहान वाटी, तीन. हे आधीच्या खाण्यात मिळवलं तरी चव्वेचाळीसला कमी पडतं.

मग अंड्याचा विषय काढला. सूनबाईंनी आधी दार लोटून घेतलं. पांढऱ्यात प्रथिनं भरपूर आणि फॉस्फरस जवळजवळ नाही. डायलिसिसच्या माणसासाठी याहून सोयीचा पदार्थ मला माहीत नाही. दोन अंड्यांचं पांढरं म्हणजे सात ग्रॅम. सासऱ्यांच्या काळापासून या घरात अंडं आलेलं नाही. सूनबाई म्हणाल्या, "डॉक्टरांनी औषध म्हणून लिहून दिलं तर आई घेतील." डॉक्टरांनी खरोखरच प्रिस्क्रिप्शनवर लिहिलं, गोळ्यांच्या खाली, पाचव्या क्रमांकावर. नातवाची खोली, इंडक्शनची शेगडी, वेगळं पातेलं. पातेल्याचा रंगही सूनबाईंनी सांगितला, निळा, म्हणजे चुकून वरणाला जायला नको.

फॉस्फरसची गोळी (अन्नातला फॉस्फरस पोटातच धरून ठेवणारी) जेवणाच्या घासाबरोबर, हे पुन्हा एकदा सांगितलं. निम्मे लोक रात्री झोपताना बाकीच्या गोळ्यांबरोबर घेतात. पोटात अन्नच नसेल तर ती कशाला धरणार? आणि सगळा फॉस्फरस सारखा नसतो. डाळीतला निम्म्याच्या आसपास अंगी लागतो, कारण तो फायटेट नावाच्या संयुगात अडकलेला असतो. पाकीटबंद पदार्थांत आणि काळ्या कोल्ड्रिंकमध्ये घातलेला जवळजवळ सगळा. घरोघर डाळ बंद आणि कोल्ड्रिंक चालू.

आजींच्या कवळीचंही निघालं. वजन उतरल्यापासून ती ढिली झाली आहे, चावताना हलते, म्हणून फुलकासुद्धा चहात बुडवून. दंतवैद्याची वेळ घेतली. आहारतज्ज्ञाने प्रथिनांचे तक्ते काढत बसायचं आणि माणसाला चावताच येत नाही, असं व्हायला नको.

१ ऑगस्ट, शुक्रवार

व्यायाम सुरू. नुसतं खाऊन स्नायू येत नाहीत, त्यांना काम लागतं. म्हातारपणी तर जास्तच.

मंगळबाजारातल्या एका शिंप्याकडून रेक्झिनच्या पिशव्या शिवून घेतल्या. आत चाळून धुतलेली वाळू, अर्ध्या किलोची एक, घोट्याला बांधायला वेल्क्रो. पहिल्या खेपेत वेल्क्रोची खरबरीत बाजू आत आली आणि कातडी घासली गेली; म्हाताऱ्यांची कातडी कागदासारखी असते, डायलिसिसवर असताना रक्त पातळ ठेवायला हेपरिनही चालू असतं. शिंप्याने उलटं करून आतून फ्लॅनेल लावून दिलं. मशीनवर पहिल्या दोन तासांतच पाय उचलायचे, गुडघा सरळ करायचा, दहा वेळा, थांबा, पुन्हा दहा. त्यानंतर पाणी बरंच निघालेलं असतं, रक्तदाब खाली यायला लागतो, तेव्हा नाही. फिस्टुलाचा हात हलवायचा नाही. जांघेत कॅथेटर (डायलिसिसची नळी) असलेल्यांना, छातीत दुखणाऱ्यांना, आधीच्या खेपेला रक्तदाब कोसळलेल्यांना वगळलं.

मधल्या दिवशी घरी चालणं. इटलीत 'एक्साइट' नावाची चाचणी झाली होती, २०१७ ला छापून आली. डायलिसिस नसलेल्या दिवशी दहा-दहा मिनिटं दोनदा, सांगितलेल्या गतीने चालायचं, बस. सहा महिन्यांत सहा मिनिटांत कापलेलं सरासरी अंतर ३२८ वरून ३६७ मीटरवर गेलं. जर्मनीतली २०२३ ची चाचणी याहून मोठी, मशीनवरच्या व्यायामाची. मिनिटभरात खुर्चीतून किती वेळा उठता येतं ते मोजलं. वर्षभर व्यायाम करणारे १६.२ वरून १९.२ वर गेले. न करणारे १६.२ वरून १४.७ वर आले. मला दुसरा आकडा जास्त बोलका वाटतो. नुसतं बसून राहिलं तर आहे तिथेही राहता येत नाही. ब्रिटनमधल्या एका चाचणीत, २०२१ च्या, मशीनवर सायकल चालवून जीवनमानाच्या गुणांत फरक पडला नाही, हेही टिपून ठेवते. विश्वस्तांना एकच बाजू दाखवायची नाही.

एका विश्वस्तांनी विचारलंच, या वयात व्यायाम कशाला, आराम करू दे ना. डायलिसिसचं यंत्र बनवणाऱ्या डॉक्टर कोल्फच्या मशीनने वाचलेली पहिली व्यक्ती १९४५ साली ६७ वर्षांची बाई होती, एवढं सांगितलं. हे यंत्र मुळात म्हाताऱ्या माणसावरच सिद्ध झालंय.

मास्तर मात्र खुलले. लहानपणी जुम्मादादा व्यायाममंदिरात, माणिकरावांच्या आखाड्यात, मल्लखांब करायचे. "ही काय बैठक झाली? आमच्या वेळी..." असं म्हणत खुर्चीतून उठले, आणि तिसऱ्या वेळी खाली बसताना धपकन आदळले. मग गप्प राहून चौथी केली. पाचवी नाही.

१२ ऑगस्ट, मंगळवार

मशीनवर खायचं की नाही यावरून टेक्निशियनभाईंशी वाद. त्यांचं म्हणणं रास्त आहे. खाल्लं की रक्त आतड्याकडे वळतं, रक्तदाब पडतो, खुर्ची मागे पाडून पाय वर करायची धावपळ त्यांनाच करावी लागते. जगभर यावर एकमत नाही. जर्मनीत डायलिसिसवर जेवण देतात, अमेरिकेत कित्येक ठिकाणी मनाई होती. माझं म्हणणं एवढंच की सकाळी दहाला घरून निघालेला माणूस पाचला परत पोचतो, दमून झोपतो, आणि त्या दिवशीचं जेवण बुडतं. आठवड्याचे तीन दिवस.

डॉक्टरांनी तोडगा काढला. ज्यांचा रक्तदाब टिकतो त्यांनीच, पहिल्या तासात, ताठ बसून, छोटा डबा. मुगाचा एक पुडला (धिरडं) किंवा पनीरचे चार तुकडे किंवा उकडलेल्या अंड्याचं पांढरं. बाकीच्यांनी मशीन सुटल्यावर, रिक्षात बसायच्या आधी.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

गणपती बसलेत, पाऊस लागून राहिलाय. विश्वामित्री नदीची पातळी सगळे मोबाइलवर बघतायत. गेल्या वर्षी ऑगस्टच्या शेवटी पाणी शहरात शिरलं तेव्हा कित्येकांना घराबाहेरच पडता आलं नाही. डायलिसिस हुकलं की पोटॅशियम चढतं आणि हृदय बंद पडू शकतं, म्हणून अशा दिवसांचा वेगळा आहार लागतो: पाणी निम्मं, फळं-भाज्या जवळजवळ बंद, मीठ नाही, प्रथिनंही निम्मी, भात-साखर-तुपावर कॅलरी.

कागद छापला आणि हात थांबला. उद्या हाच कागद कुणाच्या तरी देवघरात जाऊन बसला तर? वर मोठ्या अक्षरांत छापलं: फक्त डायलिसिस हुकलेल्या दिवसांसाठी, पुढची खेप झाली की परत आणून द्यावा. परत आणून द्यायची अट सिस्टरांची कल्पना. त्यांना माणसं माझ्यापेक्षा जास्त कळतात.

१० सप्टेंबर, बुधवार

वडोदऱ्याजवळच्या पादरा गावचे काका. शेतकरी, ७४, आठवड्यातून दोनदाच येतात. खातात बरं, बाजरीचा रोटला, खिचडी-कढी. तरी मांड्या सुकत चालल्या आहेत. सुरुवातीला म्हणायचे, "बेन, मने तो दाळनी ना पाडी छे." ती मनाई उठवली, खिचडीत तांदूळ आणि मूगडाळ निम्मे निम्मे केले. फरक नाही.

बायकार्बोनेट (रक्तातलं आम्ल शमवणारा क्षार) १७ निघालं. २२ च्या खाली राहिलं की रक्तातलं आम्ल स्नायूंची मोडतोड वाढवतं. खाल्लेलं सगळं तिकडे जातं. दोन खेपांत आम्ल धुऊन निघत नाही. त्यांना प्रथिन पावडरचा डबा देऊन काही होणार नाही, तिसरी खेप हवी. डायलिसिस योजनेत मोफत आहे. केंद्राचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१६ पासून आहेच. अडचण पैशाची नाही, मुलाच्या रोजीची आहे. बापाला आणायचं म्हणजे त्याचा अख्खा दिवस जातो. पादऱ्याहून येणारे आणखी दोघं आहेत. तिघांची एक पाळी, एक व्हॅन, असं जमतं का ते बघायला ट्रस्टला लिहिलं. तोवर सोडाबायकार्बच्या गोळ्या, डॉक्टरांच्या मापाने.

२३ सप्टेंबर, मंगळवार

काल घट बसले. तीन महिन्यांची मापं पूर्ण.

आजी: पकड १३.५. खुर्चीतून हात न टेकता तीनदा, सावकाश. नवी कवळी बसली आहे. क्रिएटिनिन ६.३.

त्यावरून सकाळीच मुलाचा फोन. आवाज चिंतेचा. "ताई, क्रिएटिनिन वाढलं हो. अंडं बंद करू का?" यावेळी सगळं नीट समजावलं, दोन रिपोर्ट आणि दोन पकडी शेजारी शेजारी ठेवून. ऐकून घेतलं त्याने. पटलं असं वाटत नाही. आयुष्यभर ज्या आकड्याला घाबरायला शिकवलं तो वाढला म्हणून आनंद मान, असं आपण सांगतोय. फॉस्फरस ४.८ झालाय, गोळी एकाने वाढवली.

मास्तर: ऑगस्टअखेर पकड २५ पर्यंत आली होती. मग न्यूमोनिया, आठवडाभर ॲडमिट. आता १९. उठबस बंद. अल्ब्युमिन २.८. अल्ब्युमिन म्हणजे फक्त खाणं नव्हे. अंगात दाह असला की यकृत ते बनवणंच कमी करतं, मग पनीर कितीही द्या. आधी संसर्ग जायला हवा. दोन महिन्यांची कमाई आठ दिवसांत गेली. या वयात असंच जातं, आणि म्हणूनच आधी थोडी शिल्लक लागते. मास्तर म्हणाले, वाळूच्या पिशव्या नकोत आता. मी बिनपिशवीचे पाय उचलायला सांगितलं. "उद्या बघू," म्हणाले.

त्यांना तीन महिन्यांसाठी डायलिसिसची प्रथिन पावडर सुरू केली. महाग आहे. अर्धा खर्च एका विद्यार्थ्याने उचललाय, नाव सांगू नका म्हणाला.

७ ऑक्टोबर, मंगळवार

काल कोजागिरी. दूध पिऊ का, हा एकच प्रश्न आठवडाभर. लहान फुलपात्र, शंभर मिली, फॉस्फरसच्या गोळीसकट, बदाम-पिस्ते वगळून, आणि तेवढं पाणी कमी. नाही म्हटलं असतं तर दोन पेले प्यायले असते.

२७ ऑक्टोबर, सोमवार

दिवाळीनंतरचा पहिला सोमवार. दोन खेपांमध्ये चार-चार किलो पाणी चढवून आलेत. शेव, चकली, लीलो चेवडो. मीठ खाल्लं की तहान, तहान लागली की पाणी. पापड, फाफडा, खाखऱ्यात पापडखार किंवा सोडा असतो, त्यातही सोडियम, हे चवीला कळत नाही. टेक्निशियनभाई आज कुणाशी बोलत नव्हते.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

शेवटची मापं, म्हणजे या टप्प्यापुरती शेवटची.

आजी पाच उठबशा करतात, १९ सेकंद. निकषात नापासच. पण एक गादी काढून टाकली. पकड १४.

मास्तर पकड २१ वर. पिशव्या त्यांनी परत मागितल्या, कारण शेजारच्या खुर्चीवर नवा आलेला माणूस त्यांच्याहून तीन वर्षांनी मोठा आहे आणि तो दोन्ही पायांना बांधतो. ड्राय वेट आता ५१.५, रात्री आडवं झोपता येतं. हे वजन खरं आहे. पुढे ते वाढलं तर पाणी वाढलं की मांस, हे डॉक्टर बघतील.

पादऱ्याच्या काकांची तिसरी खेप अजून जमलेली नाही. व्हॅन आहे, ड्रायव्हर नाही. बायकार्बोनेट गोळ्यांवर २० पर्यंत आलं. मांड्यांचं मी अजून काही लिहीत नाही.

विश्वस्तांपुढे ठेवायच्या गोष्टी तीन ओळींत मावतात. डायलिसिस सुरू होण्याच्या दिवशी जुना पथ्याचा कागद मागून घ्यायचा आणि नवा हातात द्यायचा, तोही तारखेसकट, सहा महिन्यांनी बाद होणारा. महिन्याच्या तक्त्यात पोटॅशियमच्या शेजारी पकड आणि उठबस हे दोन रकाने. आणि क्रिएटिनिन घसरलं की फायलीला लाल चिठ्ठी, वाढल्यावर नव्हे. शेवटच्यावर डॉक्टर हसले, पण सही केली.

नवा कागद मराठीत झाला. आमचे बहुतेक रुग्ण गुजराती वाचणारे, त्यामुळे खरं काम पुढेच आहे. सिस्टरांनी गुजराती मसुदा केलाय. त्यात घट्ट डाळ आणि डाळीचं पाणी यांचं चित्र काढून हवंय, वाचता न येणाऱ्यांसाठी. मास्तरांना सांगितलंय. पुढच्या मंगळवारी मशीनवर बसून काढतो म्हणाले, उजवा हात मोकळा असतो.